गॅरेजमधली गाडी, की नुसतेच सुटे भाग?

मंडळी, गेले दोन शनिवार इथे काहीच लिहिलं नाही. प्रोजेक्टचं रिलीज होतं, त्यामुळे शनिवार-रविवार नावाचे वार असतात हेच विसरलो होतो. आज सकाळी चहा घेऊन निवांत बसलो आणि जुने फोटो चाळताना एक फोटो सापडला. एक छोटंसं गॅरेज, मधोमध लोखंडी नळ्यांचा सांगाडा, बाजूला लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेलं इंजिन, आणि त्यामागे हातात पाना घेऊन हसणारा आमचा टेस्टर. त्या फोटोवरून आजचा विषय.

२००७ साली मी कंपनीतर्फे इंग्लंडमध्ये, रेडिंगला ऑनसाइट होतो. आमच्या टीममधला एक ब्रिटिश टेस्टर घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी गाडी बांधत होता. दुरुस्त करत नव्हता, *बांधत* होता. सांगाडा एका छोट्या कंपनीकडून किट म्हणून आणलेला. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल वडिलांच्या जुन्या फोर्ड एस्कॉर्टमधून काढलेला. तीन वर्षं दर रविवारी काम. सोमवारी ऑफिसला आला की नखांत ग्रीस, आणि चेहऱ्यावर समाधान (जे आमचं रिलीज झाल्यावर कधीच दिसायचं नाही).

एका सोमवारी चेहरा उतरलेला. शनिवारी रात्री गॅरेज फोडून चोरांनी गिअरबॉक्स, चार नवी चाकं आणि डॅशबोर्डची मीटरं नेली होती. मी आपलं सहज म्हणालो, "इन्शुरन्स असेल ना?" तर होता की. घराचा होता! पण घराच्या पॉलिसीत बारीक अक्षरांत लिहिलेलं की मोटार वाहनं आणि त्यांचे सुटे भाग यात धरलेले नाहीत. मग मोटारीच्या विम्याचं काय? तिथे पहिलाच प्रश्न: गाडीचा रजिस्ट्रेशन नंबर सांगा. नंबर कुठून आणणार? गाडीच अजून झाली नव्हती.

म्हणजे घरवाले म्हणाले, ही गाडी आहे. गाडीवाले म्हणाले, ही गाडी नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात बसलाय. सुट्या भागांच्या ढिगाऱ्याची गाडी नक्की कोणत्या क्षणी होते? आणि ते कोणी ठरवायचं? हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा जुना निघाला, आणि त्याची सुरुवात गाड्यांपासून नाही, जहाजांपासून होते.

जमिनीवरचं जहाज

अमेरिकेतल्या मोटार विम्याचा इतिहास वाचायला घेतला की सुरुवातीलाच गिल्बर्ट लूमिस हे नाव येतं. मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टफील्डचा हा मेकॅनिक. १८९७ साली त्याने ट्रॅव्हलर्स कंपनीकडून स्वतःच्या गाडीसाठी विमा घेतला, तो गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा, म्हणजे आजच्या भाषेत थर्ड पार्टी. देशातली अशी पहिली पॉलिसी म्हणून काहीजण याच पॉलिसीचं नाव घेतात, तर काहीजण १८९८ साली बफेलोच्या एका डॉक्टरने घेतलेल्या पॉलिसीचं. तो वाद सोडा. गंमत अशी की लूमिसची ती एका सिलिंडरची गाडी त्याने स्वतःच बांधलेली होती! म्हणजे घरी बांधलेल्या गाडीचा विमा ही काही हौशी लोकांनी नंतर काढलेली भानगड नाही. मोटारीचा विमा मुळात जवळजवळ तिथूनच सुरू झाला.

इकडे लंडनमध्ये लॉइड्सच्या बाजारात पहिली मोटार पॉलिसी लिहिली गेली १९०४ साली. लॉइड्स म्हणजे सतराव्या शतकातल्या एका कॉफी हाउसमधून उभा राहिलेला विम्याचा बाजार, आणि त्याचा मूळ धंदा जहाजांचा. मोटारीसाठी वेगळे शब्दच नव्हते. मग त्यांनी काय करावं? सरळ जहाजाची पॉलिसी घेतली आणि मोटार म्हणजे जणू जमिनीवर चालणारं जहाज असं धरून तीच लिहून टाकली. आपण नाही का, जुन्या प्रोजेक्टचा कोड कॉपी करून नव्याला चिकटवतो? अगदी तसंच.

पण जहाजाच्या विम्यात एक फार शहाणपणाची गोष्ट आधीपासून होती. जहाज बांधायला महिनोन्‌महिने लागतात. या काळात गोदीत आग लागू शकते, पाण्यात उतरवतानाच ते कलंडू शकतं. मग अर्धवट जहाजाचं काय? ते अजून जहाज नाही म्हणून विमाच नको? असं म्हटलं असतं तर कोणी जहाज बांधायला पैसेच लावले नसते. ब्रिटनच्या १९०६ च्या सागरी विमा कायद्यात बांधकाम चालू असलेल्या जहाजाचा आणि जहाज पाण्यात उतरवण्याच्या प्रसंगाचा स्पष्ट उल्लेख आहे. सागरी पॉलिसीच्या नमुन्यात त्यांचा विमा उतरवला तर हाच कायदा लागू. (आपला १९६३ चा सागरी विमा कायदा याच कायद्यावरून बेतलेला.)

याच कायद्यात दुसरी एक सोय आहे. मालाची किंमत आधीच दोघांनी मिळून ठरवायची आणि पॉलिसीत लिहून टाकायची. नंतर जहाज बुडालं तर 'बाजारभाव किती होता' यावर वाद नाही. फसवणूक नसेल तर लिहिलेली किंमत अंतिम. याला आपण 'ठरलेली किंमत' म्हणूया, पुढे लागणार आहे.

म्हणजे अर्धवट वस्तूचा विमा, आणि जिला बाजारभाव नाही अशा वस्तूची किंमत, ही दोन्ही उत्तरं १९०६ सालीच कायद्याच्या पुस्तकात होती. मग माझ्या टेस्टरला एकशे एक वर्षांनी धुपाटणं का मिळालं?

कायद्याचं लक्ष रस्त्यावर

कारण मोटारीचा विमा पुढे वेगळ्या वाटेने गेला. १९३० साली ब्रिटनच्या रस्त्यांवर वर्षभरात सात हजारांहून जास्त माणसं मेली. गाड्या आजच्या मानाने मूठभर, आणि मृत्यू इतके. धडक देणाऱ्याच्या खिशात पैसे नसतील तर जखमी माणसाला काहीच मिळायचं नाही. म्हणून १९३० च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला आणि १९३१ पासून तो लागू झाला. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात हीच सक्ती आली.

कायदा चांगलाच होता. पण त्यामुळे मोटार विमा म्हणजे *रस्त्यावर चालणाऱ्या, नंबर असलेल्या* गाडीचा विमा, असं समीकरण पक्कं झालं. गॅरेजमधला ढिगारा कोणाच्या अंगावर जात नाही, म्हणून कायद्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. त्याची काळजी मालकाची मालकाने करावी.

कर वाचवणारी व्याख्या

आता या गोष्टीचा नायक: कॉलिन चॅपमन. लंडनमधला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. १९४८ साली त्याने आपल्या मैत्रिणीच्या (नंतर बायकोच्या) आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हनवर पहिली गाडी उभी केली. १९५२ मध्ये लोटस कंपनी काढली आणि गाड्या किट म्हणून विकायला लागला. १९५७ साली आली लोटस सेव्हन: दोन माणसं, चार चाकं, उघडे दिवे आणि जवळजवळ दुसरं काहीच नाही.

लोक किट का घ्यायचे? हौस होतीच, पण मुख्य कारण होतं कर. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली ब्रिटनने पर्चेस टॅक्स आणला. १९५७ साली नव्या मोटारीवर हा कर घाऊक किमतीच्या ६० टक्के होता. साठ! पण तो होता तयार गाडीवर. सुटे भाग घेतले तर ही 'गाडी' नाहीच, मग गाडीचा कर कसला? चॅपमनच्या गिऱ्हाइकाने सगळे भाग घरी न्यायचे, दोन-तीन शनिवार-रविवार खपायचं, आणि करातून सुटका. किटबरोबर जोडणीच्या सूचना दिल्या तर करवाले आक्षेप घेतील, म्हणून गाडी *सुटी कशी करायची* याच्या सूचना द्यायचे आणि गिऱ्हाइकाने त्या शेवटाकडून वाचायच्या, असा एक किस्सा किट कारवाल्यांमध्ये फार प्रसिद्ध आहे :-)

थोडं थांबून बघा. करवाल्यासमोर मालक छातीठोकपणे सांगतोय, साहेब ही गाडी नाही, सुटे भाग आहेत. त्यात त्याचा फायदा आहे. तोच ढिगारा, तेच गॅरेज. चोरी झाल्यावर विमा कंपनीसमोर मात्र त्याला सांगायचंय, अहो ही माझी गाडी होती! ज्या व्याख्येने कर वाचवला, तीच व्याख्या विम्यात आडवी येते. एकच ऑब्जेक्ट, दोन सिस्टिम्स, आणि दोघींच्या डेटाबेसमध्ये टाइप वेगळा. आपल्या धंद्यात असे बग रोज निघतात, पण तिथे कोणाची तीन वर्षं चोरीला जात नाहीत.

१ एप्रिल १९७३ ला पर्चेस टॅक्स जाऊन व्हॅट आला. व्हॅट सुट्या भागांवरही लागतो, त्यामुळे किटचा फायदा एका दिवसात संपला. लोटसने सेव्हन सोडून दिली आणि तिचे हक्क कॅटरहॅम कार्स या विक्रेत्याने घेतले. हिशोबाने बघितलं तर किट कार तिथेच संपायला हवी होती. पण नाही संपली! कर गेला तरी लोक गाड्या बांधतच राहिले. म्हणजे कर हे निमित्त होतं. खरी ओढ स्वतःच्या हातांनी काहीतरी उभं करण्याची होती.

'द प्रिझनर' ही १९६७ ची ब्रिटिश मालिका कोणी पाहिली असेल तर त्यातली नायकाची गाडी म्हणजे लोटस सेव्हन. एका भागात तो लंडनला परततो तर त्याच्या घरात आणि गाडीत भलतीच बाई. गाडी आपली आहे हे तो कसं पटवतो? इंजिनाचा नंबर तोंडपाठ म्हणून दाखवतो, आणि ही मी स्वतः बांधलीय म्हणून सांगतो. गाडी परत मिळवायला तो नंबर, आणि गाडी आपली का आहे ते सांगायला ते वाक्य. हे दोन पुरावे लक्षात ठेवा.

अडीचशे पौंडांची गाडी

१९९६ साली रॉन चॅम्पियन नावाच्या शाळामास्तरांचं एक पुस्तक आलं. लोटस सेव्हनच्या धर्तीची गाडी अवघ्या २५० पौंडांपासून घरी कशी बांधायची, हा त्याचा विषय. नळ्या आणा, वेल्डिंग करा, जुन्या एस्कॉर्टचं इंजिन टाका. या गाड्यांना 'लोकॉस्ट' असं नावच पडलं.

आता विमा कंपनीच्या खुर्चीत बसून विचार करा. पावत्या २५० पौंडांच्या. बांधायला लागलेले तास हजारभर. गाडी जळाली. किती द्यायचे? विम्याचं मूळ तत्त्व सांगतं की नुकसान झालं तेवढंच भरायचं, म्हणजे बाजारभाव. पण जगात एकच नग असलेल्या गाडीचा बाजारभाव कोण सांगणार? आणि त्या हजार तासांची पावती कुठे आहे?

इथे जहाजवाल्यांची ती जुनी युक्ती परत कामाला आली: ठरलेली किंमत. ब्रिटनमध्ये किट कारचा विमा करणारे खास दलाल आहेत. गाडी पूर्ण झाली की फोटो, पावत्या, कधीकधी क्लबच्या जाणकाराचं मूल्यांकन घेऊन किंमत आधीच लिहून ठेवतात. गाडी गेली तर तेवढे पैसे. त्याबरोबर बहुधा वर्षाला किती मैल चालवणार याची मर्यादा आणि रात्री गॅरेजमध्ये ठेवण्याची अट असते.

आपल्याकडे सवय उलटी आहे. आपल्या पॉलिसीत आयडीव्ही असतो आणि तो तक्त्याने उतरतो: पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के घसारा, आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमधून आलेला हा तक्ता कारखान्यातून निघालेल्या गाडीला ठीक आहे. हाताने बांधलेल्या गाडीची किंमत मात्र बांधताना *वाढत* जाते. (आपल्याकडे अशी गाडी रस्त्यावर आणणं हीच मुळात वेगळी लढाई. मंजुरीच्या चाचण्या आपल्या पुण्यातल्याच एआरएआयसारख्या संस्था करतात, पण ती व्यवस्था कारखानदारांना डोळ्यासमोर ठेवून केलेली आहे.)

तीन टप्पे

मग ब्रिटनमध्ये हे आज कसं चालतं? ढोबळ तीन टप्पे आहेत.

पहिला, बांधकामाचा विमा. थेट गोदीतल्या जहाजासारखा. गाडी गॅरेजमध्ये असताना आग, चोरी, अपघाती मोडतोड. भाग जसे येतील तशी विम्याची रक्कम वाढवत न्यायची. ती वाढवायला विसरलात तर? समजा गॅरेजमध्ये १२ हजार पौंडांचे भाग आहेत आणि पॉलिसी अजून ६ हजारांचीच. २ हजारांची चोरी झाली. बऱ्याच पॉलिसींमध्ये अशी अट असते की तुम्ही निम्माच विमा घेतला होता, तर भरपाईही निम्मी. हातात १ हजार.

दुसरा टप्पा एका दिवसाचा, पण सगळ्यात विचित्र. १९९८ पासून ब्रिटनमध्ये अशा प्रत्येक गाडीला रस्त्यावर येण्याआधी सरकारी तपासणी सक्तीची झाली. आधी तिचं नाव एसव्हीए होतं, २००९ पासून आयव्हीए. ब्रेक, दिवे, धूर, बाहेर आलेल्या धारदार कडा, सगळं तपासतात. पण तपासणी झाल्याशिवाय नंबर नाही, आणि तपासणीला जायचं तर रस्त्यावरून जावं लागणार! यावर तोडगा असा की आधी वेळ ठरवलेली असेल तर नंबर नसताना गाडी चालवत तपासणीला नेता येते, पण विमा हवाच. नंबरच नाही तर विमा कशावर? चासीवर ठोकलेल्या नंबरावर. त्या एका दिवशी गाडी 'आहे' आणि 'नाही' यांच्या मध्ये असते, आणि फक्त विम्याच्या कागदावर ती पूर्ण गाडी असते.

तिसरा टप्पा, रस्त्यावरचा नेहमीचा विमा. सगळे भाग नवे असतील तर चालू वर्षाचा नंबर मिळतो. एकाच जुन्या गाडीतून पुरेसे मुख्य भाग घेतले असतील तर तिच्या वयाचा. आणि भागांचं वय, मूळ सांगताच येत नसेल तर 'क्यू' अक्षराने सुरू होणारा. १९८३ पासून चालत आलेला हा 'क्यू' म्हणजे गाडीच्या कपाळावर लिहिलेलं 'कुळशील अज्ञात'. अशा गाडीचं वय आणि किंमत विमेवाल्याला पटवून देणं आणखी कठीण, हे ओघाने आलंच.

यात २०१४ साली एक मजेदार वळण आलं. स्लोव्हेनियात एका शेतावरच्या खळ्यात ट्रॅक्टरच्या ट्रेलरचा धक्का लागून एक माणूस शिडीवरून पडला. युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की खाजगी जागेतल्या वाहनाच्या वापरालाही सक्तीचा विमा लागू होतो. म्हणजे १९३० च्या कायद्याने जे गॅरेज सोडून दिलं होतं, त्याच्या दारापर्यंत सक्ती आली! ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्यावर २०२२ मध्ये वेगळा कायदा करून हा निकाल आपल्यापुरता रद्द केला. सक्ती पुन्हा रस्त्यावर परतली.

आणि तो टेस्टर?

त्याला चोरीचे पैसे मिळाले नाहीत. महिनाभर गॅरेजचं दार उघडलं नाही. चाकं आणि मीटरं पुन्हा विकत घेता येत होती. गिअरबॉक्स वडिलांच्या गाडीचा होता. वडील त्याआधीच्या वर्षी गेले होते. त्या गिअरचा दांडा धरून तो गाडी चालवायला शिकला होता. याची किंमत कुठलाच दलाल पॉलिसीत लिहून देणार नव्हता, हे त्यालाही कळत होतं.

मग एका रविवारी त्याने मला बोलावलं. आम्ही दोघांनी मिळून गॅरेजमधल्या प्रत्येक वस्तूचा फोटो काढला. इंजिनाचा नंबर, चासीचा नंबर, प्रत्येक पावती, सगळं एका फाइलमध्ये. त्यावर त्याने बांधकामाचा विमा घेतला, दुसरा गिअरबॉक्स आणला आणि पुन्हा सुरुवात केली. फाइलच्या शेवटी त्याने एक कोरी वही लावली. तारीख, काय काम केलं, किती तास. टेस्टरच शेवटी, लॉग ठेवल्याशिवाय चैन पडेना! मी विचारलं, विमेवाल्याने तास मागितलेत का? म्हणाला, "नाही. पण पुढच्या वेळी कोणी म्हणालं की ही गाडी नाही, तर मला दाखवायला काहीतरी हवं."

वरचा फोटो त्याच रविवारचा. पुढच्या उन्हाळ्यात गाडी दुसऱ्या प्रयत्नात तपासणी पास झाली (पहिल्या वेळी एका बोल्टची कड बाहेर होती). मी तोवर पुण्याला परतलो होतो. त्याने मेल पाठवला, त्यात मजकूर काहीच नव्हता, नुसता नंबर प्लेटचा फोटो.

तर मंडळी, तुम्ही गाडी बांधत नसाल, पण घरात काहीतरी बांधतच असाल: सायकल, कॅमेऱ्यांचा संग्रह, टेलिस्कोप, गच्चीवरचा स्टुडिओ. आज संध्याकाळी अर्धा तास काढून त्याचे फोटो काढा, पावत्या एकत्र करा, आणि घराच्या पॉलिसीतलं 'यात काय धरलेलं नाही' ते पान एकदा वाचा. मी गेल्या आठवड्यात वाचलं. माझी सायकल त्या यादीत निघाली.

असो. भेटू पुढच्या शनिवारी, रिलीज नसेल तर!